वीज इथली, उजेड दुसरीकडे: डहाणू-तलासरीत कॉम्प्युटर टेस्ट करण्याची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग इतिहासाचा आहे. यूपीएस, हार्ड डिस्क आणि तुमच्या खिशातल्या फोनमधली एक बारकी चिप, या तिघांचा इतिहास. आणि तो घडला आपल्याच गावात, डहाणू आणि शेजारच्या तलासरी तालुक्यात.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. डहाणूच्या दक्षिणेला तारापूर. तिथलं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, देशातलं पहिलं. मग डहाणूच्या खाडीकाठचं औष्णिक वीज केंद्र. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे एकूण ५०० मेगावॅट. बीएसईएसने ते १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू केलं, पुढे ते रिलायन्सकडे गेलं आणि २०१८ मध्ये अदानींकडे. तिथली वीज मोठ्या टॉवरांवरून जाते मुंबईच्या उपनगरांना. आपल्या घरातला मीटर मात्र दुसऱ्याच कंपनीचा. आधी राज्य विद्युत मंडळ, आणि ६ जून २००५ ला मंडळाचं विभाजन झाल्यावर महावितरण.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. धुराडं आपल्या दारात, पण त्या विजेवर आपला पंखा फिरत नव्हता.

आता मी यात कुठे आलो? मला हार्डवेअरचा नाद २००३-०४ च्या सुमारास लागला. स्टेशनच्या स्टॉलवरून 'डिजिट' मासिक आणायचं, त्याबरोबरची सीडी शेजाऱ्यांच्या मशीनवर चालवायची आणि रिव्ह्यू अक्षरशः पाठ करायचे. कुठला प्रोसेसर किती पॉइंट काढतो, कुठली रॅम किती वेगवान, सगळं तोंडपाठ. स्वतःचं मशीन आलं तेव्हा मात्र कळलं की आपल्याकडचा पहिला प्रश्न वेगळाच आहे. लाईट गेल्यावर हे किती मिनिटं चालतं?

कारण ती वर्षं भारनियमनाची होती. महाराष्ट्रात विजेचा तुटवडा होता आणि ग्रामीण भागात दिवसाला कित्येक तास लाईट जायची. नियम असा की ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमनाचे तास जास्त. मुंबईला वीज पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यामुळे मुंबई यातून बरीचशी सुटली. म्हणजे डहाणूतून निघालेली वीज अंधेरी-बोरिवलीत चोवीस तास, आणि डहाणूत पोरं मेणबत्तीवर अभ्यास करतायत.

तलासरीत तर अजून एक गंमत. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. तिथे २००३ पासून ज्योतिग्राम योजनेचं काम सुरू झालं. शेतीचे पंप वेगळ्या फीडरवर टाकले आणि गावातल्या घरांना चोवीस तास थ्री फेज वीज द्यायला सुरुवात झाली. तलासरी तालुक्यातली कितीतरी माणसं उंबरगाव आणि वापीच्या जीआयडीसीत कामाला. दिवसभर उजेडात काम करायचं आणि घरी येऊन अंधारात जेवायचं. माझा मावसभाऊ त्यातलाच. तो म्हणायचा, 'दादा, आमच्याकडे राज्याची हद्द बघायला पाटी लागत नाही. रात्री नुसतं बघायचं, दिवे कुठे थांबतात.'

आता यूपीएसचं गणित करूया. घाबरू नका, सोपं आहे. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये असते १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी. बारा साते चौऱ्याऐंशी. म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. १०० वॅटचा बल्ब लावला तर पन्नास मिनिटं चालायला हवा. पण शिशाच्या बॅटरीतून झपाझप वीज ओढली की ती पूर्ण क्षमता देत नाही, वर यूपीएसमध्येही थोडी वीज वाया जाते. माझ्याकडे नव्या बॅटरीवर तो बल्ब वीसेक मिनिटं टिकायचा. माझी टेस्ट हीच होती: एक बल्ब, एक घड्याळ, एक वही. दर दोन महिन्यांनी मोजायचं आणि तारीख घालून लिहून ठेवायचं.

वहीत काय दिसलं? दुकानदार सांगायचे, 'बॅटरी तीन वर्षं बघायला नको.' माझ्या वहीत दीड वर्षातच आकडा सहा-सात मिनिटांवर आला. गल्लीतल्या बाकीच्यांचंही तेच. लोक म्हणायचे, डुप्लिकेट बॅटरी दिली. पण कारण विजेच्या वेळापत्रकात होतं. ही छोटी बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला सहा ते आठ तास लागतात. आपल्याकडे लाईट दिवसातून दोनदा जायची. सकाळी बॅटरी रिकामी झाली, ती अर्धी भरते न भरते तोच दुपारी पुन्हा रिकामी. शिशाची बॅटरी अशी अर्धपोटी राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसत जातो आणि तो पुढे निघत नाही. तीन वर्षांचा हिशोब जिथे लाईट महिन्यातून एखाद वेळा जाते अशा शहराचा होता. तोच माल, तीच कंपनी, पण आपल्या गावात त्याचं आयुष्य निम्मं.

दुसरा त्रास कमी दाबाचा. पुस्तकात २३० व्होल्ट. फीडरच्या शेवटच्या टोकाला, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की माझा मल्टिमीटर १६०-१७० दाखवायचा, कधी त्याच्याही खाली. यूपीएसला ठरावीक आकड्याखालचा दाब म्हणजे लाईट गेल्यासारखीच. घरात पंखा रडत-खडत फिरतोय, ट्यूब फडफडतेय, आणि यूपीएस मात्र टूं-टूं करत बॅटरी खातोय. म्हणून मी लोकांना सांगायला लागलो की यूपीएस घेताना आधी खोक्यावर इनपुट व्होल्टेजची रेंज वाचा. १४० ते ३०० लिहिलं असेल तर आपल्याकडे चालेल. व्हीए किती, हे नंतर बघा.

तिसरी टेस्ट इन्व्हर्टरची. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला काही क्षण लागतात. कॉम्प्युटरचा चांगला एसएमपीएस त्या वेळात पोटातल्या कपॅसिटरवर तग धरतो, साधारण १६-१७ मिलिसेकंद. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलायला त्याहून जास्त वेळ घेतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबलं की बदल लवकर होतो. कितीतरी घरांत ते बटण कुणी पाहिलेलंच नव्हतं.

आता बाजार. डहाणूत कॉम्प्युटरची मोठी बाजारपेठ कधी झाली नाही. मला वाटतं, त्यालाही इतिहास आहे. जून १९९१ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर बंधनं आली. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. चिकूच्या वाड्या आणि जंगल राहिलं ते यामुळे. पण कारखाने गेले दक्षिणेला बोईसरला आणि उत्तरेला उंबरगाव-वापीला. पगार जिथे, दुकानं तिथे. म्हणून आपल्यापुढे दोनच रस्ते, वापी नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे शटलने विरार, तिथून लोकल, मग ग्रँट रोड. परतताना १५ इंची सीआरटी मॉनिटर मांडीवर. ज्यांनी तो उचललाय त्यांना वजन सांगायला नको. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तोवर मॉनिटर पातळ झाले होते. वापीचा दुकानदार निवांत माणूस. 'टेस्ट करीने लई जाओ,' म्हणायचा, आणि खरंच स्टूल द्यायचा. दुकानातच मशीन चालू करून मेमटेस्ट लावायची, एक फेरी पूर्ण होईपर्यंत चहा. हार्ड डिस्क असेल तर क्रिस्टल डिस्क इन्फोत 'रिअलोकेटेड सेक्टर' आणि 'पेंडिंग सेक्टर' बघायचे. शून्य असेल तर बरं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर सपाट हवेत. २००० नंतरची काही वर्षं जगभर खराब कपॅसिटरची साथ होती, फुगून चिकट रस बाहेर यायचा. आणि समुद्राची खारी हवा, त्यामुळे रॅमचे पाय खोडरबराने पुसून मगच 'डिस्प्ले येत नाही' म्हणायचं.

यात गंमत-जंमत सोडून एक सांगतो. तलासरीच्या एका मुलाने आठ महिने ओव्हरटाइम करून सेकंडहँड मशीनसाठी पैसे साठवले होते. बहिणीला टायपिंगची परीक्षा द्यायची होती. त्याने आधी मला बोलावलं. आम्ही तिघे त्या दुकानात गेलो, नाव नको. '५०० जीबीची नवीन डिस्क' म्हणून दाखवलेली डिस्क अठरा हजार तास फिरलेली निघाली. तो आकडा डिस्क स्वतःच नोंदवत असते. आम्ही काही न बोलता उठलो आणि दुसरीकडे गेलो. ज्याच्याकडे दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नसतात, त्याला टेस्ट हा शौक नसतो.

२०१२ नंतर भारनियमन ओसरलं. मला वाटलं, आता आपल्या टेस्ट शहरासारख्या होतील. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये जमीन हलायला लागली.

धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांत, तलासरीपर्यंत, धक्क्यामागून धक्के. बहुतेक लहान, चारच्या आतले, एखाद-दुसरा चारच्या आसपास. पण केंद्र जमिनीखाली फार खोल नाही, त्यामुळे सुरुंग फुटल्यासारखा आवाज व्हायचा. थंडीत माणसं घराबाहेर, तंबूत झोपली. या प्रकाराला शास्त्रज्ञ स्वार्म म्हणतात, म्हणजे एका मोठ्या भूकंपाऐवजी छोट्या धक्क्यांची रांग.

लोक मला विचारायचे, 'दादा, डिस्क खराब होईल का?' फिरणाऱ्या डिस्कमध्ये वाचणारं हेड पृष्ठभागावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं, हे खरं. पण एवढ्या धक्क्याने डिस्क मरत नाही. मरते ती टेबलावरून कॅबिनेट पडलं तर. म्हणून कॅबिनेट जमिनीवर, भिंतीला टेकून.

आणि इथे इतिहासाचं एक मस्त वळण आहे. लॅपटॉप पडला तर डिस्क वाचावी म्हणून आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये हालचाल ओळखणारी चिप बसवली. लॅपटॉप घसरतोय असं कळताच ती हेड बाजूला घ्यायची. २००५ मध्ये ॲपलनेही तसंच केलं. मग अमेरिकेतल्या भूकंपशास्त्रज्ञांना सुचलं की हजारो लॅपटॉपमध्ये भूकंपमापक आयताच बसलाय! त्यातून क्वेक-कॅचर नेटवर्क झालं. २०१६ मध्ये बर्कलीचं मायशेक ॲप आलं, फोनमधल्या तशाच चिपवर चालणारं. २०२० मध्ये गुगलने अँड्रॉइडमध्येच ती सोय टाकली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती भारतात आणली.

मी टेस्ट केली. फिफॉक्स नावाचं फुकट ॲप घ्या, फोन फरशीवर सपाट ठेवा. आकडा ९.८ च्या आसपास स्थिर, म्हणजे गुरुत्वाकर्षण. कुणी शेजारून चाललं की रेघ थरथरते. अगदी बारका धक्का मात्र चिपच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो.

गावातल्या एका काकींना कुणीतरी सांगितलं होतं की आता मोबाईल आधीच सांगतो, घरात निवांत झोपा. हे मला खोडून काढावं लागलं. तुम्हीही घरी सांगा. एक तर गुगलचा इशारा साधारण ४.५ आणि त्यावरच्या धक्क्यांसाठी आहे. आपले बहुतेक धक्के त्याच्या खालचेच. दुसरं म्हणजे भौतिकशास्त्र. भूकंपाची पहिली, हलकी लहर सेकंदाला सहाएक किलोमीटर जाते आणि जोरात हलवणारी दुसरी साडेतीन. केंद्र तुमच्या पायाखाली दहा किलोमीटरवर असेल तर दुसरी लहर तीन सेकंदात पोचली. इशारा येईपर्यंत भांडी पडलेली असतात. सव्वाशे किलोमीटरवरच्या मुंबईला मात्र तीसेक सेकंद मिळतात. उद्या मोठा धक्का बसला तर आपल्या फरशीवरचे फोन तो आधी पकडणार, आणि त्याचा फायदा लांबच्यांना जास्त.

ओळखीचं वाटतं ना? विजेचं असंच होतं. पण यात कुणाची लबाडी नाही, हे अंतराचं गणित आहे. विजेच्या वाटपात निर्णय माणसांनी घेतले होते आणि तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. फोन चार्जिंगला लावून स्थिर ठेवला, लोकेशन चालू ठेवलं, तर कुणाचा तरी जीव वाचू शकतो. मी ठेवतो. आपल्यासाठी मात्र घराची भिंत, डोक्यावरची माळ्यावरची पेटी आणि बाहेर पळायचा रस्ता, यांची टेस्ट आधी.

तर मंडळी, या आठवड्याचं काम: यूपीएसला एक बल्ब लावा, मिनिटं मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. एलईडी असेल तर त्याचे वॅटही लिहा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. पुढच्या भागात पेन ड्राइव्ह. '२ टीबी, पाचशे रुपये' म्हणतात त्यात खरंच किती जागा असते, ते भरून बघू. तोवर काळजी घ्या, भेटू!