आयनद्रायु कर्तन
आयनीभूत वायूच्या अतितप्त झोताने विद्युत् संवाहक धातू वितळवून व वितळलेला भाग त्याच झोताच्या जोराने उडवून देऊन धातू कापण्याची पद्धत. कार्यशाळांतून ती ‘प्लाझ्मा कटिंग’ याच नावाने रूढ आहे.

ऑक्सिजन-ॲसिटिलीन ज्योतीच्या मर्यादेतून तिची गरज निर्माण झाली. ज्योतीने पोलाद कापताना लोखंड नुसते वितळत नाही. तापलेले लोखंड ऑक्सिजनाच्या झोतात जळते आणि त्या उष्णतेने काप पुढे सरकतो. ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते, परंतु त्याच्या ऑक्साइडाचा वितळबिंदू २,०००° से. हून अधिक आहे. अगंज पोलादावरही क्रोमियम ऑक्साइडाचा असाच दुर्गलनीय थर येतो. त्यामुळे हे धातू ज्योतीला दाद देत नाहीत. युनियन कार्बाइड कंपनीतील रॉबर्ट गेज यांनी विद्युत् प्रज्योत अरुंद तोटीतून दाबून बाहेर काढली. तिचे अमेरिकन एकस्व १९५७ मध्ये मिळाले. अशा झोताचे तापमान २०,०००° से. च्या घरात जात असल्याने ऑक्साइडाचा अडसर उरला नाही. आरंभी ॲर्गॉन, हायड्रोजन, नायट्रोजन हे वायू लागत. हवेत टंगस्टनाचे विद्युत् अग्र टिकत नाही. त्याजागी हाफ्नियम आल्यावर साधी संपीडित हवा पुरेशी झाली. लहान कार्यशाळांच्या दृष्टीने मूळ शोधापेक्षा हीच सुधारणा मोलाची होय.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील धातुकाम जुने आहे; विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये येथेच ओतली गेली. तथापि जिल्ह्यातील आधुनिक जोडकामाला व दुरुस्तीकामाला मोठा आधार मिळाला तो साखर कारखान्यांचा. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप १९५० च्या सुमारास सुरू झाले. साखर कारखाने व आसवन्या यांतील अगंज पोलादाचे पत्रे आणि नळ बंद हंगामात बदलावे लागतात. असे काम एकेका नगाचे असल्याने त्यास ही पद्धत सोयीची पडते. याउलट, अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या लूना मोपेडसारख्या वाहनाचे हजारो एकसारखे भाग साचे व दाबयंत्र यांनी कापणेच परवडते. जाड साध्या पोलादासाठी ज्योत अद्याप स्वस्त आहे. पातळ पत्र्याच्या नाजूक कामात लेसरने आघाडी घेतली आहे.

अगंज पोलाद कापताना निघणाऱ्या धुरात षट्‌संयुजी क्रोमियम असते व ते कर्करोगकारक आहे. मोठे कारखाने पाण्याच्या टाकीवर पत्रा ठेवून किंवा धूर ओढून घेऊन त्यास आवर घालतात. पत्र्याच्या बंदिस्त शेडमध्ये हातसंच चालविणाऱ्यापाशी बहुधा केवळ गडद काच असते. ती जंबुपार किरणांपासून डोळे राखते. धूर अडवीत नाही.