सॅलरी स्लिपमधल्या २०० रुपयांचा इतिहास

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर तुमची सॅलरी स्लिप उघडा. पीएफ आणि टीडीएसच्या शेजारी एक बारकी ओळ दिसेल: प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. रक्कम एवढी छोटी की तिच्यावर कुणी मीमसुद्धा बनवत नाही.

पण या ओळीच्या मागे एक दुष्काळ आहे. आणि आज अशक्य वाटावं असं एक राजकीय एकमतही.

मी नगर जिल्ह्यातला. कागदोपत्री आता अहिल्यानगर. आमच्याकडे जुनी माणसं वय सांगताना जन्मसाल सांगत नाहीत, ‘बाहत्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो’ असं सांगतात. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. तिला त्या वर्षाचे दोन पदार्थ आठवायचे: रेशनवरचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. मिलोच्या भाकरीला ती शेवटपर्यंत नावं ठेवायची, पण ‘त्यानंच जगवलं’ असंही म्हणायची. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात तिच्यासारखी सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती.

आपत्ती आली की सरकार काम काढतं, पाऊस पडला की बंद करतं. ही जुनीच रीत. पण त्याच काळात एक वेगळी कल्पना पुढे आली होती. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी १९६५च्या सुमारास प्रयोग करून पाहिला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची मेहेरबानी नको, हमी हवी.

हमी म्हटली की पहिला प्रश्न पैशाचा. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे कुणी नवं फीचर मागितलं की मीटिंगमध्ये लगेच कुणीतरी विचारतं, सर्व्हरचं बिल कोण भरणार? १९७५ साली महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलं. १ एप्रिलपासून व्यवसाय कर सुरू झाला, शहरातल्या पगारदाराच्या खिशातून. सोबत इतर करांवर अधिभार आले. निवासी नसलेल्या शहरी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर आला आणि बागायती जमिनीवरही उपकर बसला. या सगळ्यातून जेवढा पैसा जमेल, तेवढाच वाटा राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायचा.

बागायतीवरच्या उपकराचा अर्थ नगरच्या माणसाला चटकन कळेल. आमचा जिल्हा म्हणजे दोन जिल्हे. उत्तरेला कालवे, ऊस आणि साखर कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडचं कोरडं रान. म्हणजे उत्तरेच्या उसानेही दक्षिणेतल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी थोडीफार उचलायची होती.

आता राजकारण बघा. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला. आणीबाणी नुकतीच उठली होती, मुख्यमंत्री काँग्रेसचे वसंतदादा पाटील होते, विरोधक खवळलेले होते. जुलै १९७८मध्ये शरद पवारांनी ते सरकार पाडलं आणि जनता पक्ष, शेकाप वगैरेंना घेऊन पुलोदचं सरकार बनवलं. आज असं झालं तर आधीच्या सरकारच्या योजनेचं आधी नाव बदलेल, मग निधी आटेल. तेव्हा उलट झालं. २६ जानेवारी १९७९ रोजी हा कायदा लागू झाला, तो ज्यांनी वसंतदादांना खाली खेचलं त्यांच्याच कारकिर्दीत. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला निदान एक रुपया, पण हक्काचा.

तेव्हाचे पुढारी संत होते असं मला म्हणायचं नाही. हे एकमत सौद्यातून आलं. मजुराला मजुरी मिळाली, गावातल्या जमीनदाराला पाझर तलाव आणि रस्ता मिळाला, विहिरींना पाणी मिळालं. डाव्या पक्षांना मजुरांची संघटना बांधायला आधार मिळाला आणि शहराकडे येणारे लोंढे थोडे थोपले. मजुरी कमी होती, हजेरीपटावर खोटी नावं चढत होती, मोर्चे निघत होते. भांडणं भरपूर होती. फक्त ती करायची बाजू आणि खर्चाची बाजू एकाच कागदावर ठेवून चालली होती.

आपली आजची कोंडी नेमकी इथे आहे. २०२४च्या विधानसभेआधी सत्ताधाऱ्यांनी महिलांना महिन्याला १,५०० रुपये सुरू केले आणि प्रचारात २,१०० सांगितले. विरोधकांनी ३,००० सांगितले. बोली वाढत गेली. कोणता कर वाढवून हे देणार, हा प्रचाराचा मुद्दा झालाच नाही. महिलांच्या हातात पैसे जाऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण २०२५-२६च्या अर्थसंकल्पात राज्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलंय, आणि त्यावरची चर्चा ‘तुमच्या काळात किती होतं’ याच्या पुढे सरकत नाही.

घराजवळचं उदाहरण अकोले तालुक्यातल्या निळवंडे धरणाचं. कल्पना १९७०ची. डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झालं. मध्ये ५३ वर्षं गेली, जवळपास प्रत्येक मोठा पक्ष सत्तेत येऊन गेला आणि खर्च ५,१७७ कोटींच्या घरात पोचला. नगर आणि नाशिकमधल्या १८२ गावांना लाभ देणारं हे काम. पाणी आल्यावर भाषणं कशावर झाली? श्रेय कुणाचं यावर. उशिराचं बिल कुणाच्या नावावर, हे मात्र कुणी विचारलं नाही.

व्यवसाय करही या कोंडीतून सुटलेला नाही. राज्यघटनेत त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. तेव्हा ती रक्कम बऱ्यापैकी होती, आज दोन जणांचं हॉटेलचं बिल आहे. आकडा तिथेच गोठलाय. २००५मध्ये महाराष्ट्राच्या वाटेवरून केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि अकुशल मजुरीचा मोठा भार उचलला. मग आपल्या करातून आता नेमकं काय होतं? मर्यादा वाढवावी, कर रद्द करावा, की दुष्काळी तालुक्यांतल्या पाणलोटाच्या कामांसाठी तो राखून ठेवावा? तिन्ही बाजूंनी दमदार युक्तिवाद होऊ शकतात. एकही पक्ष ते करत नाही, कारण ‘कर’ हा शब्द उच्चारला की मतं जातात असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

१९७५ साली मात्र सरकारने शहरातल्या माणसाला सांगितलं होतं: तुझ्याकडून इतके घेतोय, या कामासाठी घेतोय. लोकांनी कुरकुर केली आणि भरले. पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात उमेदवार येईल तेव्हा तो काय देणार हे स्वतःहून सांगेलच. ते कुणाकडून घेणार, हे आपल्यालाच विचारावं लागेल. तो ज्या पक्षाचा असेल त्या पक्षाला आपण मत देणार असलो, तरीही.