त्रिनिदादच्या काठावर

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम क्रिकेटचे मैदान उभे राहते आणि त्यामागोमाग नारळीची झाडे व निळा समुद्र. त्रिनिदादला जाणारा प्रवासीही बहुधा हेच चित्र मनात घेऊन निघतो. पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीतला कार्निव्हल तो पाहतो, तेलाच्या पिंपांपासून घडविलेल्या वाद्यांचे वादन ऐकतो, शेजारच्या टोबॅगो बेटावर चार दिवस विसावतो आणि परततो. यात गैर असे काहीच नाही. परंतु २०११ च्या जनगणनेप्रमाणे ज्या देशातील सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत, त्या देशात जाणाऱ्या आपल्या माणसाने आणखी तीन ठिकाणी पाऊल टाकावे, असे मला वाटते. तिन्ही ठिकाणे पारियाच्या आखातात किंवा त्याच्या काठावर आहेत. तेथे गर्दी नसते. पण त्या देशाचा इतिहास जितका तेथे भेटतो, तितका राजधानीच्या रस्त्यांवर भेटत नाही.

पहिले ठिकाण नेल्सन बेट. राजधानीच्या पश्चिमेस, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, लहान लहान बेटांचा एक पुंजका आहे. त्यांतले हे एक. नावेतून उतरलेला माणूस काही मिनिटांत ते सारे फिरून येतो. जुन्या दगडी इमारती, पडके धक्के आणि चोहोकडे पाणी, एवढेच तेथे दिसते. पण आपल्याकडून गेलेल्या हजारो माणसांनी त्या देशातील पहिला श्वास घेतला तो या खडकावर.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये मुक्त झालेल्या आफ्रिकी मजुरांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरविली. मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानात शोधले. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन त्रिनिदादला पोहोचले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० भारतीय त्या बेटावर नेले गेले. त्यांतील बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांत या भागांतले होते. काही मद्रासकडूनही गेले. पाच वर्षांच्या मजुरीचा जो करार त्यांच्याकडून करून घेतला जाई, त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चे त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ते स्वतः गिरमिटिये झाले.

१८६६ पासून या लोकांना प्रथम नेल्सन बेटावर उतरवू लागले. काळ्या पाण्यावर सुमारे तीन महिने काढलेली माणसे तेथे तपासली जात, रोग्यांना वेगळे काढले जाई, धडधाकट असतील त्यांची मळ्यांवर वाटणी होई. एकाच जहाजातून आलेल्यांमध्ये जातीपातीच्या पलीकडचे एक नाते जडलेले असे. ते एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणत. अनेकांच्या बाबतीत ते नाते या खडकावर ताटातूट होईपर्यंतच सोबतीचे ठरले; पुढे एक एका मळ्यावर गेला, तर दुसरा दुसऱ्या.

ही पद्धत बंद पाडण्याच्या प्रयत्नांत एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदे कौन्सिलात करारबद्ध मजुरी समूळ बंद करण्याचा ठराव मांडला. बावीस सभासदांनी त्याच्या बाजूने मत दिले, तरी सरकारी बहुमतापुढे तो टिकला नाही. १९१५ मध्ये नामदार निवर्तले. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच प्रश्न पुन्हा कौन्सिलापुढे आणला आणि सरकारला तत्त्वतः मान तुकवावी लागली. १९१७ मध्ये मजुरांची रवानगी थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करारही रद्द झाले. कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात शिकविलेल्या त्या पुरुषाने त्रिनिदाद कधी पाहिले नव्हते. पण नेल्सन बेटाच्या इतिहासात त्याचे नाव यायलाच हवे.

मजुरांची जहाजे थांबली, तरी त्या बेटाचे नशीब पालटले नाही. हिटलरच्या छळाला कंटाळून त्रिनिदादला आलेल्या ज्यू निर्वासितांपैकी काहींना १९४० मध्ये, त्यांच्याजवळ जर्मन वा ऑस्ट्रियन कागदपत्रे होती म्हणून, शत्रूचे नागरिक ठरवून येथे डांबण्यात आले. १९३७ च्या तेलकामगारांच्या संपाचे पुढारी युराया बटलर यांना महायुद्धाच्या काळात येथेच स्थानबद्ध केले गेले. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. आणि १९७० च्या आंदोलनातील नेत्यांसाठी स्वतंत्र देशाच्या सरकारलाही हेच बेट आठवले. ज्याला राज्यकर्ते समाजापासून दूर ठेवू इच्छितात, त्याच्यासाठी असा एखादा खडक नेहमीच सोयीचा असतो.

दुसरे ठिकाण चाकाचाकारे. हे बेट पार पश्चिमेला, व्हेनेझुएलाच्या समोर आहे. १८१३ मध्ये सान्तियागो मारिन्यो आणि त्याचे मूठभर साथीदार येथूनच व्हेनेझुएलाच्या मुक्तीसाठी निघाले होते. पुढे विसाव्या शतकात या बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत झाली. डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांतील काहींची थडगी तेथेच आहेत. औषध सापडले, रोगाची भीती ओसरली आणि १९८४ मध्ये वसाहत बंद झाली. आज रुग्णांची घरे व इस्पितळ वेलींनी ग्रासले आहे. उंच टेकडीवरील दीपगृहापासून समुद्राचे दृश्य अत्यंत रमणीय दिसते. आणि त्या रमणीयतेतच वर्षानुवर्षे माणसे आप्तांवाचून राहिली, या विचाराने मन अस्वस्थ होते.

तिसरे ठिकाण मात्र निराळ्या जातीचे आहे. आखाताच्या पूर्व किनाऱ्यावर वॉटर्लू नावाचे गाव आहे. एकेकाळी सभोवार ऊसच ऊस होता. बालपणीच भारतातून आलेले शिवदास साधू हे तेथील एक मजूर. १९४७ मध्ये त्यांनी समुद्रकाठी एक लहानसे देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची होती. कंपनीने देऊळ पाडण्यास फर्मावले. साधूंनी ते मानले नाही. १९५२ मध्ये त्यांना चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला, दंड झाला आणि देऊळ जमीनदोस्त करण्यात आले.

मग त्या मनुष्याने असा विचार केला की, जमिनीला मालक असतो, समुद्राला नसतो. ओहोटी लागली की तो सायकलवर दगड, वाळू आणि सिमेंटच्या बादल्या लादून चिखलात उतरे आणि पाण्यात भराव घाली. भरतीच्या लाटांनी केलेले काम पुष्कळदा वाहून जाई. तो पुन्हा आरंभ करी. हा उद्योग त्याने वर्षानुवर्षे चालविला. लोकांनी त्याची चेष्टा केली. तो वारला तेव्हा काम अपुरेच होते आणि समुद्र ते हळूहळू खात होता. शेवटी भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, १९९५ मध्ये, सरकारच्या साहाय्याने ते देऊळ नव्याने उभे राहिले. आज किनाऱ्यापासून त्याच्यापर्यंत पायवाट जाते. बाजूला बांबूंवर रंगीबेरंगी झेंड्या फडकतात. जवळच स्मशानभूमी आहे. ज्या साखरेसाठी हे सारे घडले, तो उद्योग पुढे सरकारच्या हाती गेला आणि २००३ मध्ये त्याचा तो मोठा कारखानदारी संसारही आटोपला. देऊळ उभे आहे.

नेल्सन बेट आणि वॉटर्लू यांच्यामध्ये पाणी एकच आहे. ज्या आखातातून गिरमिटिये आले, त्याच आखातात आज त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या अस्थी विसर्जित होतात. परकी भूमी स्वकीय केव्हा होते, याचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा वॉटर्लूच्या त्या पायवाटेवर एखाद्या सायंकाळी उभे राहावे. कार्निव्हल पाहून झाल्यावर का होईना, पण तेवढा वेळ प्रवाशाने काढावा.