‘इयत्ता’ म्हणजे माप : नापासीचा आणि फेरपरीक्षेचा इतिहास

१/ ‘कितवीत आहेस?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो. पण ‘इयत्ता’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘इतकेपणा’, म्हणजेच ठरावीक माप. मग एखादे मूल त्या मापात बसले नाही, तर काय करायचे? भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून या प्रश्नाच्या इतिहासाकडे पाहू. 🧵

२/ इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित नियमावलीने मुलांसाठी ठरावीक ‘स्टँडर्ड’ आखले. निरीक्षक वर्षातून एकदा परीक्षा घेई आणि किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेचे अनुदान बेतले जाई. हीच पद्धत लवकरच मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही लागू झाली.

३/ या पद्धतीत नापास मुलाने शाळेचे उत्पन्न घटे. त्यामुळे त्याला समजले का, यापेक्षा निरीक्षकासमोर उत्तर देता येईल का, याला महत्त्व आले. घोकंपट्टीला खतपाणी मिळाले. १९०४ च्या शैक्षणिक ठरावात भारत सरकारनेही या पद्धतीकडे पाठ फिरवली. वार्षिक परीक्षेची सवय मात्र टिकली.

४/ आजच्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांचा मोठा भाग पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. राजगड आणि तोरणाही त्यातच. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि येथील मुलेही राज्याच्या एकाच परीक्षाव्यवस्थेत आली.

५/ आता एक कल्पना करा. जुलै महिना, धो धो पाऊस. घरची भातलावणी चालू असल्याने एक मुलगा शाळेत जात नाही आणि अपूर्णांकांचा धडा त्याचा बुडतो. मार्चमध्ये गणितात तो नापास होतो. चुकला एक धडा; पण शिक्षा मिळते वर्षभराची. तीच इयत्ता, तीच पुस्तके, पुन्हा पहिल्यापासून.

६/ याच कोंडीवर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये उपाय मांडला. धड्यानंतर लहान चाचणी घ्या. जे कच्चे राहिले तेवढेच वेगळ्या पद्धतीने शिकवा. मग पुन्हा चाचणी घ्या. येथे वेळ बदलते, माप बदलत नाही.

७/ आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवणे बंद झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राने ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ स्वीकारले. त्यात शिकत असतानाचे ‘आकारिक’ आणि सत्राअखेरचे ‘संकलित’ असे दोन भाग होते.

८/ पण ‘नापास करायचे नाही’ याचा अर्थ अनेक ठिकाणी ‘तपासायचेच नाही’ असा घेतला गेला. जुन्या पद्धतीत मूल मागे राही. नव्या पद्धतीत त्याची अडचण पुढे ढकलली जाई. अपूर्णांक दोन्हीकडे कच्चेच!

९/ २०१९ मध्ये कायदा बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झाल्यास जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा. तेथेही अपयश आले, तर मुलाला मागे ठेवायचे की नाही हे राज्यांवर सोपवले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम त्याप्रमाणे सुधारले.

१०/ फेरपरीक्षा आली. पण तिचे यश तीन गोष्टींवर ठरते. पुन्हा तपासण्यापूर्वी पुन्हा शिकवले का? जे कच्चे होते तेवढेच तपासले का? आणि आधीच्या अपयशाचे ओझे उतरवून, मुलाला आज काय येते तेच नोंदवले का? एक-दोन शिक्षकांवर अनेक इयत्ता चालणाऱ्या डोंगरातल्या शाळेत हे सोपे नाही. त्यासाठी वेळापत्रकात राखीव तास हवा आणि प्रत्येक मुलाची धडावार नोंद हवी.

११/ राजगडाची चढण चढताना एखाद्याचा दम लागला, तर त्याला पायथ्याशी परत पाठवत नाहीत आणि ‘तू पोहोचलास’ असेही खोटे सांगत नाहीत. थांबतात, पाणी देतात, जिथे थांबला तिथूनच पुढे नेतात. गडाची उंची तीच राहते. इयत्तेचे मापही असेच असावे.

तुमच्या शाळेत फेरपरीक्षेआधी पुन्हा शिकवले जाई का? जरूर लिहा.