इंजिन महिंद्राचं, सांगाडा सोलिहलचा: जुन्या लँड रोव्हरची दुरुस्तीची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग गाड्यांवर आहे, पण शोरूममधल्या नाही. साठी ओलांडलेल्या, फोर बाय फोर, मागे बाकडी असलेल्या, आणि आजही प्रवासी घेऊन डोंगर चढणाऱ्या गाड्यांवर. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आधी जागा सांगतो. पश्चिम बंगालमध्ये, दार्जिलिंगपासून साधारण 26 किलोमीटरवर, नेपाळच्या सीमेला चिकटून मानेभंजांग नावाचं गाव आहे. तिथून एक वाट संदकफूला जाते. संदकफू म्हणजे पश्चिम बंगालमधलं सगळ्यात उंच ठिकाण, 3,636 मीटर. अंतर फक्त 31 किलोमीटर, पण चढ असा की पहिला गिअर टाकला की टाकला. या वाटेवर 1950च्या दशकातल्या ब्रिटिश लँड रोव्हर अजून चालतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत सुमारे चाळीस होत्या. हौशी संग्राहकांच्या नाहीत बरं का, भाड्याने पर्यटक नेणाऱ्या. चहामळ्यांच्या साहेबांनी आणलेल्या, साहेब गेल्यावर स्थानिकांनी घेतलेल्या.

आता साधा प्रश्न. ज्या गाडीचे सुटे भाग बनवणारी कंपनी सात समुद्रापार, ज्या मॉडेलचं उत्पादन कधीच थांबलेलं, ती गाडी साठ वर्षं दगडधोंड्यांवर धावते कशी? उत्तर दुरुस्तीत आहे. आणि दुरुस्तीचा इतिहास आपल्याकडे कोणी लिहीत नाही, म्हणून हा भाग.

सुरुवात 1947ला. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या जागेसाठी युद्धातली एक जुनी अमेरिकन विलीज जीप होती. ती मोडली तर दुसरी कुठली घ्यायची, याला उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःच तशी गाडी करायला घेतली. 30 एप्रिल 1948 रोजी ॲमस्टरडॅमच्या मोटर शोमध्ये लँड रोव्हर जगापुढे आली. कारखाना सोलिहलला, बर्मिंगहॅमजवळ.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं, ॲल्युमिनियम मात्र मिळत होतं. म्हणून बॉडी बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि चॅसी पोलादाची. नाइलाज होता तो! पण पुढची सगळी दुरुस्ती याच नाइलाजाने ठरवली. बॉडीला गंज चढत नाही, वाकलं तर हातोडीने ठोकून सरळ होतं. चॅसी मात्र चौकोनी नळ्यांची, आतून पोकळ. चिखल-पाणी आत साठतं आणि गंज आतून खात जातो. बाहेरून रंग चकचकीत, आत भुगा. आणि जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं तिथे ओल आली की ॲल्युमिनियमची पांढरी पावडर होऊ लागते. जुनी लँड रोव्हर बघायला गेलात तर आधी गाडीखाली झोपा, मग बॉनेट उघडा. जाणकार माणूस चॅसीवर हातोडी वाजवून आवाज ऐकतो. खणखणीत आला तर बरं, भद्द आला तर तिथे वेल्डिंग आलंच.

आता स्टेशन वॅगन हा शब्द. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि सामान घरी आणणारी गाडी, म्हणून स्टेशन वॅगन. अमेरिकेत या गाड्यांची मागची बॉडी लाकडाची असायची. विलीजने 1946ला पूर्ण पोलादी बॉडीची वॅगन काढली आणि 1949ला तिला चारही चाकांना ताकद दिली. लँड रोव्हरनेही 1948लाच स्टेशन वॅगन काढली होती, टिकफर्ड नावाच्या बॉडी बिल्डरकडून, लाकडी चौकटीवर. ती आपटली. कारण? टॅक्स! साधी लँड रोव्हर कामाची गाडी, तिला परचेस टॅक्स नाही. वॅगन मात्र प्रवासी गाडीत मोजली गेली, त्यामुळे महाग झाली. जेमतेम तीनेक वर्षांत बंद. पुढे बारा आसनी वॅगन आली तेव्हा उलटी गंमत झाली. बारा आसनं म्हणजे कायद्याने बस, म्हणून टॅक्स माफ! गाडी रस्त्यावर राहणार की नाही हे कित्येकदा इंजिनपेक्षा सरकारी व्याख्या ठरवते. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता माझा आवडता भाग. पाने.

माझ्या काकांचं साताऱ्यात छोटं गॅरेज होतं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एका जुन्या गाडीचा बोल्ट खोलायला बसलो. पाना बसल्यासारखा वाटला, जोर लावला आणि बोल्टचं डोकं गोल करून टाकलं. काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, इंची बोल्टला एमएमचा पाना लावलास." मला तेव्हा काही कळलं नाही. पाना म्हणजे पाना, नाही का?

नाही. सुरुवातीच्या लँड रोव्हरमधले बहुतेक नट-बोल्ट ब्रिटिश पद्धतीचे, व्हिटवर्थ घराण्यातले. त्यांच्या आट्यांचा कोन 55 अंश. अमेरिकन आट्या 60 अंशांच्या. आणि व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचं माप नसतो, बोल्टच्या दांड्याची जाडी असतो. म्हणजे पान्यावर लिहिलंय एक आणि तोंड आहे भलतंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांचे स्क्रू एकमेकांना बसेनात, याचा फार ताप झाला. शेवटी नोव्हेंबर 1948मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकाच प्रमाणित आट्यांचा करार केला. म्हणजे लँड रोव्हर आली त्याच वर्षी तिचे बोल्ट कागदोपत्री जुने झाले! कंपनीने ते पुढे हळूहळू बदलले. त्यामुळे मधल्या काळातल्या गाड्यांमध्ये दोन्ही जातीचे बोल्ट सापडतात.

भारताने 1956ला मेट्रिक मापांचा कायदा केला. नंतरच्या भारतीय इंजिनांचे बोल्ट बहुतेक मिलिमीटरमध्ये. आता अशी लँड रोव्हर डोळ्यांपुढे आणा जिच्या बॉडीला आणि ॲक्सलला इंग्लंडचे बोल्ट आहेत, पण इंजिन भारतात बनलेलं आहे. मिस्त्रीच्या पेटीत तीन प्रकारचे पाने लागणार. आणि कुठला कुठे लागतो हे पुस्तकात सापडणार नाही. ते हातालाच माहीत असतं.

इंजिन भारतातलं कसं, असं विचाराल. मानेभंजांगच्या बऱ्याच गाड्यांमध्ये मूळ इंजिन आता नाहीये. त्या जागी महिंद्राचं डिझेल इंजिन आहे. इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. महिंद्राने 1940च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, सुटे भाग अमेरिकेतून जहाजाने यायचे. म्हणजे विल्क्ससाहेबांनी जी जीप बघून लँड रोव्हर केली, तिचीच भावंडं माझगावात जोडली जात होती. पुढे 1980च्या दशकात महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यावर डिझेल इंजिन बनवायला घेतलं आणि जीप गावोगाव डिझेलवर गेली. म्हणजे सुटे भाग सिलिगुडीच्या बाजारातही मिळणार आणि साताऱ्यातही.

तुम्ही त्या चालकाच्या जागी असता तर? पेट्रोल पिणारं जुनं ब्रिटिश इंजिन, त्याच्या पिस्टन रिंग्ज मिळायला महिने. शेजारी डिझेल इंजिन, त्याचा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर. उत्तर उघड आहे.

पण हे काम "जुगाड" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मला तो शब्द या कामासाठी पटत नाही. इंजिन एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या. दोघांची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मध्ये एक जाड पोलादी प्लेट लेथवर घडवावी लागते. इंजिनचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यायला हवा. केसाएवढा फरक राहिला तरी बेअरिंग ओरडायला लागतं आणि क्लच प्लेट खाल्ली जाते. डिझेलचा हादरा जास्त, म्हणून चॅसीवर इंजिनच्या बैठका नव्याने वेल्ड करायच्या, त्याही जिथे गंज नाही तिथे. शिवाय डिझेलला मोठा रेडिएटर बसवायचा तर पंख्याला जागा करायची. हे डोंगरातल्या गॅरेजमध्ये, ड्रॉइंगशिवाय.

चालवण्यातही दुरुस्ती असते. या गाड्यांमध्ये एक पिवळी मूठ असते, ती दाबली की पुढची चाकंही इंजिनला जोडली जातात. लाल दांडा ओढला की लो गिअर. पण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये फरक सोसणारा डिफरन्शियल मध्ये नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. सुट्या दगडांवर चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरावर किंवा सिमेंटवर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये भरतो आणि एक दिवस मागचा हाफ शाफ्ट कटकन तुटतो. अलीकडे संदकफूच्या वाटेवर बऱ्याच भागात सिमेंट झालंय. म्हणजे रस्ता चांगला झाला आणि जुन्या गाडीने जुन्या सवयी सोडायच्या! सिमेंट झाल्यावर बोलेरोही वर जायला लागल्या, तो धंद्याचा वेगळा भाग.

थांबा, एक फाटा घेतो, कारण गोष्ट भारी आहे. 1955ला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर स्टेशन वॅगन घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाले. गाड्यांची नावंही ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. वाटेत आपला देश ओलांडला, मग आसाममधल्या लेडोहून युद्धात बांधलेल्या रस्त्याने ब्रह्मदेशात. मार्च 1956ला सिंगापूर. नंतर केंब्रिज इराणमध्ये दरीत गेली. ऑक्सफर्ड फिरत फिरत अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर पोचली आणि तिथे गंजत पडली. 2017ला ती इंग्लंडला परत आणली, दुरुस्त केली, आणि 2019ला सिंगापूरहून लंडनला उलटी चालवत नेली! मूळ मोहिमेतले टिम स्लेसर 87 वर्षांचे, तेच जाणार होते, पण सिंगापुरातच आजारी पडले. मग त्यांच्या नातवाने गाडी नेली.

आता या दोन गाड्या शेजारी ठेवा. ऑक्सफर्डच्या वाट्याला संग्राहकाचा पैसा आला, जगभरच्या हौशी लोकांकडून सुटे भाग आले, मूळ रूपाचा आग्रह आला. मानेभंजांगच्या गाडीच्या वाट्याला रोजचं भाडं. ती आजीच्या गोधडीसारखी, जिथे विरली तिथे मिळेल तो तुकडा लावलेला.

आणि इथे सरकारी व्याख्या परत येते. जुलै 2021मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. 50 वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात जपलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, तर तिला विंटेज नोंदणी. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण अशी गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढंच. दुसऱ्या बाजूला सामान्य जुन्या गाडीचा खर्च वाढतोय. एप्रिल 2022मध्ये 15 वर्षांवरच्या खासगी कारचं नोंदणी नूतनीकरण 600 रुपयांवरून 5,000वर गेलं.

मग मानेभंजांगची लँड रोव्हर कुठे बसते? वयाने विंटेज, पण इंजिन बदललेलं. शिवाय भाड्याने चालते. म्हणजे विंटेज नाही. साधी व्यावसायिक गाडी म्हणावी तर नव्या गाडीच्या मापाने फिटनेस द्यायचा. जिने मूळ इंजिन जपलं आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवली ती वारसा, आणि जी दुरुस्त करून करून चालू ठेवली ती भंगाराच्या दारात. धूर आणि सुरक्षेचा मुद्दा मी नाकारत नाही. जुन्या ब्रेकवर बारा माणसं घेऊन उतरणं हा गमतीचा विषय नाही, आणि तपासणी कडकच हवी. पण तपासणी गाडीची व्हावी, तिच्या वयाची किंवा इंजिनवर कोणाचं नाव आहे याची नव्हे, असं माझं मत.

आणि हो, 2008मध्ये लँड रोव्हर ही कंपनीच टाटा मोटर्सने विकत घेतली. म्हणजे मानेभंजांगच्या त्या गाडीवरचा बिल्ला टाटांच्या कंपनीचा आणि बॉनेटखाली महिंद्रा. दोघांची मुख्यालयं मुंबईत. मिस्त्रीला याचं काही देणंघेणं नाही. त्याला संध्याकाळपर्यंत क्लच प्लेट बसवायची आहे, कारण सकाळी सहाला सहा पर्यटक वर जायचेत.

तुमच्या घरी किंवा गावात एखादी जुनी जीप, कमांडर, आर्मडा असेल तर एक काम करा. मिस्त्रीकाकांना विचारा, हिला इंची पाना लागतो की एमएमचा, आणि तो फरक त्यांना कोणी शिकवला. उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.