ज्ञान मोफत, पण खर्च कोणाचा?

संशोधकाने निबंध लिहावा, तज्ज्ञांनी तो विनामोबदला तपासावा आणि त्याच संशोधकाच्या ग्रंथालयाने ते नियतकालिक भरमसाट वर्गणी भरून विकत घ्यावे, असा विद्वत्तापूर्ण नियतकालिकांचा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला. त्याविरुद्ध उभी राहिलेली चळवळ म्हणजे 'ओपन अ‍ॅक्सेस' अर्थात मुक्त प्रकाशन. शोधनिबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता व वापरता यावेत, ही तिची भूमिका फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्ट जाहीरनाम्याने स्पष्ट केली.

मात्र वाचकाकडून पैसे घेतले नाहीत म्हणून खर्च नाहीसा होत नाही. संपादन, परीक्षकांशी पत्रव्यवहार, मुद्रितशोधन, मांडणी आणि संगणकीय जतन या साऱ्यांना पैसा लागतो. नाकारलेल्या निबंधांच्या छाननीचा भारही स्वीकारलेल्या निबंधांनाच उचलावा लागतो. साहजिकच लेखकशुल्कावर चालणारे नियतकालिक जितके चोखंदळ, तितका त्याचा प्रत्येक निबंधामागील खर्च अधिक.

'पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स' (पीएलओएस) या अमेरिकी संस्थेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. नोबेलविजेते हॅरल्ड व्हार्मस, पॅट्रिक ब्राउन आणि मायकेल आयझेन हे तिचे संस्थापक. ऑक्टोबर २००३ मध्ये तिचे पहिले नियतकालिक निघाले, तेव्हा लेखकशुल्क होते १,५०० डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे ७० हजार रुपये. मूर प्रतिष्ठानचे ९० लाख डॉलरचे अनुदान पाठीशी असूनही हिशेब जुळेना. २००६ मध्ये प्रमुख नियतकालिकांचे शुल्क २,५०० डॉलरवर गेले. त्याच वर्षअखेरीस 'पीएलओएस वन' सुरू झाले. निष्कर्ष किती महत्त्वाचा, हे न पाहता संशोधन शास्त्रशुद्ध आहे का, एवढेच तपासण्याचे त्याचे धोरण होते. तेथील मोठ्या संख्येच्या निबंधांनी चोखंदळ भावंडांचा भार उचलला आणि २०१० मध्ये संस्थेचे उत्पन्न प्रथमच खर्चापेक्षा अधिक झाले.

या पद्धतीत धोका उघड आहे. प्रत्येक स्वीकृत निबंधामागे पैसे मिळणार असतील, तर स्वीकारण्याचा मोह वाढतो. म्हणूनच ज्यांना परवडत नाही त्यांना शुल्कमाफी द्यायची आणि पैसे कोण भरणार, हे संपादकांना कळू द्यायचे नाही, अशी तजवीज पीएलओएसने केली. केवळ शुल्कासाठी निघालेल्या बनावट नियतकालिकांनी मात्र असा कोणताच संकोच पाळला नाही.

लेखकशुल्क हाच एकमेव मार्ग नव्हे, हे मुंबईने दाखवून दिले. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयाशी निगडित 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आणि त्याच शहरातील मेडनो ही प्रकाशनसंस्था यांनी इंटरनेटवरील आवृत्ती मोफत ठेवली. लेखकांकडून शुल्क न घेता छापील अंकांची वर्गणी व जाहिराती यांवर खर्च भागवण्याचा मार्ग मेडनोने चोखाळला. पुढे २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय कंपनीने मेडनो विकत घेतली.

दरम्यान शुल्काचे आकडे चढतच गेले. 'नेचर'ने २०२१ पासून मुक्त प्रकाशनासाठी ९,५०० युरो आकारण्यास सुरुवात केली. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. त्यामुळे सरकारी संस्थांतील वाचकांची मोठी सोय झाली. पण वाचण्याचा हक्क आणि लिहिण्याची ऐपत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाचकापुढील कुलूप काढून ते लेखकाच्या दाराला लावले, तर ज्ञान मुक्त झाले असे म्हणता येणार नाही.