राहिलेला पास

आपल्या शाळेच्या मैदानावरचे बास्केटबॉलचे दोन खांब सगळ्यांना आठवत असतील. सामना झाला की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर निकाल सांगायचे आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर कोणी किती गुण केले ते खडूनं लिहिलेलं असायचं. सगळ्यात वरचं नाव बहुतेक वेळा आपल्या एकाच मित्राचं असे. त्याच्याकडे चेंडू कोणी पोचवला, हे मात्र फळ्यावर कधी लिहिलं गेलं नाही. ते काम माझ्याकडे होतं, म्हणून हे माझ्या इतकं लक्षात राहिलं असावं!

पुढे मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. स्मरणिका समितीनं "तुमच्या विषयावर काहीतरी लिहा" असा निरोप दिला, तेव्हा राजे आणि लढाया बाजूला ठेवून एका पास देणाऱ्याचा इतिहास लिहायचं ठरवलं. त्याचं नाव बॉब कूझी. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत तो बोस्टन सेल्टिक्स संघाकडून १९५० ते १९६३ अशी तेरा वर्षं पॉइंट गार्ड म्हणून खेळला. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारा, कोण कुठे मोकळा आहे हे हेरणारा आणि नेमक्या क्षणी त्याच्या हातात चेंडू ठेवणारा. अशा पासवर बास्केट झाली की पास देणाऱ्याच्या नावावर एक 'असिस्ट' जमा होतो. आपल्या फळ्यावर नसलेला रकाना तिथे होता.

कूझीचा जन्म ९ ऑगस्ट १९२८ चा, न्यूयॉर्कचा. आईवडील फ्रान्समधून आलेले, वडील टॅक्सी चालवत. घरात फ्रेंचच बोलली जाई, त्यामुळे मुलगा इंग्रजी उशिरा शिकला. शाळेत बास्केटबॉलच्या निवडीला गेला तर प्रशिक्षकांनी नाव घेतलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, पुन्हा तेच. तेराव्या वर्षी झाडावरून पडून उजवा हात मोडला. प्लास्टर होतं तेवढे दिवस स्वस्थ बसण्याऐवजी तो डाव्या हातानं खेळू लागला. नंतर शाळेच्याच प्रशिक्षकांनी त्याला बाहेरच्या एका सामन्यात पाहिलं. हा मुलगा दोन्ही हातांनी सारखाच खेळतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी त्याला बोलावून घेतलं. शेवटच्या वर्षी तो न्यूयॉर्क शहरातल्या शाळांमध्ये सर्वाधिक गुण करणारा खेळाडू ठरला. दोनदा नाकारलेल्या मुलाकडे तिसऱ्यांदा पाहणारे शिक्षक ज्याला भेटतात, तो भाग्यवान. आपल्यातही असे काही आहेत आणि ते शिक्षकही या मेळाव्याला येणार आहेत, याचा आनंद वाटतो.

त्या मोडलेल्या हातानं पुढे खेळालाच एक नवी चाल दिली. वूस्टरच्या होली क्रॉस कॉलेजात असताना एका अटीतटीच्या सामन्यात शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्यानं त्याची उजवी बाजू अडवली. कूझीनं चेंडू पाठीमागून टप्पा देत डाव्या हातात घेतला आणि बास्केट केली. पाठीमागून चेंडू नेणं, न पाहता पास देणं, हे पुढे त्याचं वैशिष्ट्य झालं. पुष्कळांना तेव्हा ही सर्कस वाटे. आज गल्लीतली मुलंही ते करतात.

१९५० मध्ये तो कॉलेजातून बाहेर पडला. बोस्टनच्या लोकांना वाटलं, आपला मुलगा आपल्याच संघात येणार. पण सेल्टिक्सचे नवे प्रशिक्षक रेड ऑरबाक यांनी त्याच्याऐवजी एक उंच खेळाडू घेतला. कूझीला ट्राय-सिटीज नावाच्या दूरच्या संघानं निवडलं. त्याला तिकडे जायचं नव्हतं. वूस्टरमध्ये मोटार शिकवण्याची शाळा काढायचा त्याचा बेत होता. त्याचे हक्क मग शिकागोच्या संघाकडे गेले आणि तो संघच बंद पडला. शेवटी तीन खेळाडू उरले. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बोस्टन या तीन संघांच्या मालकांनी एका हॅटमध्ये तीन चिठ्ठ्या टाकल्या. बोस्टनचे मालक वॉल्टर ब्राउन यांना हवा होता दुसराच; चिठ्ठी निघाली कूझीच्या नावाची. बोस्टनच्या सुवर्णकाळाची सुरुवात अशी एका नको असलेल्या चिठ्ठीनं झाली.

त्या काळी खेळ संथ होता. आघाडी मिळाली की संघ चेंडू दाबून वेळ काढत बसत. नोव्हेंबर १९५० मध्ये एनबीएचा एक पूर्ण सामना १९ विरुद्ध १८ असा संपला! वेळ काढण्यात कूझीही वाकबगार होता. मार्च १९५३ मध्ये सिराक्यूजविरुद्धचा सामना चार वेळा वाढीव वेळेत गेला. कूझीनं त्यात ५० गुण केले आणि त्यातले ३० नुसत्या फ्री थ्रोचे होते, ३२ पैकी ३०. पुढच्या वर्षी सिराक्यूजचेच मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहानं नियम आला की चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत बास्केटचा प्रयत्न केलाच पाहिजे. हिशेब साधा होता. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद; चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० प्रयत्न करतात; भागाकार २४. खेळ एकदम वेगवान झाला आणि धावता धावता पास देणाऱ्या कूझीला रान मोकळं मिळालं. १९५३ ते १९६० अशी सलग आठ वर्षं असिस्टमध्ये तो पहिला राहिला. फेब्रुवारी १९५९ मध्ये एकाच सामन्यात त्यानं २८ असिस्ट दिले.

तरी १९५६ पर्यंत बोस्टनला विजेतेपद मिळालं नव्हतं. त्या डिसेंबरात मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन बिल रसेल नावाचा कृष्णवर्णीय तरुण संघात आला. रसेल प्रतिस्पर्ध्याचे फटके अडवी, सुटलेला चेंडू पकडी आणि कूझीकडे देई. कूझी तो पुढे नेई. १९५७ मध्ये बोस्टन पहिल्यांदा विजेता झाला आणि कूझीला त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवण्यात आलं. तो निवृत्त होईपर्यंत अशी सहा विजेतेपदं आली.

मैदानाबाहेरही त्यानं एक मोठा पास दिला. त्या वेळी व्यावसायिक खेळाडूंना किमान वेतन नव्हतं, निवृत्तिवेतन नव्हतं, प्रवासातला रोजचा भत्तादेखील नव्हता. १९५४ मध्ये कूझीनं प्रत्येक संघातल्या एकेका प्रमुख खेळाडूला पत्र लिहिलं आणि खेळाडूंची संघटना उभी केली. मालकांनी तीन वर्षं दाद दिली नाही. कामगार महासंघात सामील होण्याचा इशारा दिल्यावर १९५७ मध्ये त्यांनी संघटनेला मान्यता दिली. निवृत्तिवेतनाचं आश्वासन मिळालं ते १९६४ मध्ये, बोस्टनच्या ऑल-स्टार सामन्याआधी खेळाडू मैदानावर उतरायला तयार होईनात तेव्हा. कूझी त्याआधीच निवृत्त झाला होता. बास्केट दुसऱ्यांनी केली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

कूझी बोस्टनमध्ये आला त्याच वर्षी चक कूपरही आला. एनबीएच्या संघानं निवडलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. एकदा नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात सामना होता आणि तिथल्या हॉटेलनं कूपरला खोली दिली नाही. कूझीनं ऑरबाकना सांगितलं, मी याच्याबरोबर रात्रीच्या गाडीनं परत जातो. दोघं स्टेशनवर गेले. तिथे स्वच्छतागृहावर दोन पाट्या, गोऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी दुसरी. मित्राला काय बोलावं हे कूझीला सुचेना. शेवटी दोघं फलाटाच्या अंधाऱ्या टोकाला गेले आणि तिथेच शेजारी शेजारी उभे राहून मोकळे झाले. कॉलेजात असताना कूझीनं अल्पसंख्याकांच्या छळावर प्रबंध लिहिला होता. त्या फलाटावर तो विषय त्याच्या शेजारी उभा होता.

याच कूझीच्या हातून पुढे काय झालं ते पाहा. ऑक्टोबर १९६१ मध्ये सेल्टिक्स संघ केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनी सामन्यासाठी गेला. हॉटेलच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला देण्यास नकार मिळाला. रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळता विमानानं परतले. सेल्टिक्सचे गोरे खेळाडू थांबले आणि सामना खेळला गेला. त्या वेळी संघाचा कर्णधार कूझी होता.

रसेलचे हाल तेवढ्यावर थांबले नाहीत. ज्या शहराला त्यानं तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं मिळवून दिली, त्याच शहराजवळच्या रेडिंग गावात त्याच्या घरात लोक घुसले, नासधूस केली, भिंतींवर त्याच्या वर्णावरून शिव्या लिहून गेले. कूझीचं मात्र शहरानं कौतुक केलं. १७ मार्च १९६३ ला त्याच्या निरोपाच्या दिवशी बोस्टन गार्डनमध्ये त्याला बोलताना रडू आवरेना. सगळं सभागृह गप्प झालं, आणि वरच्या रांगेतून एकजण ओरडला, "कूझ, आमचं तुझ्यावर प्रेम आहे!" पुढच्या महिन्यात अखेरच्या सामन्यात त्याचा घोटा मुरगळला, तरी तो परत उतरला, विजय झाला आणि शेवटच्या क्षणी त्यानं चेंडू छताकडे भिरकावला.

कोणत्याही खेळाडूला हेवा वाटावा असा हा शेवट. पण कूझीला तो पुरला नाही. सात वर्षं रसेल माझ्याबरोबर खेळला, मी कर्णधार होतो, तो काय सोसतोय हे मी कधी विचारलं नाही, ही खंत त्याला म्हातारपणी छळू लागली. टीव्हीवरच्या एका मुलाखतीत रसेलबद्दल बोलताना तो ढसाढसा रडला. पुढे, नव्वदी जवळ आली असताना, त्यानं रसेलला पत्र लिहिलं. सोबत अमेरिकेतल्या वंशभेदावरचं एक पुस्तक पाठवलं. मी तेव्हा तुझ्यासाठी अधिक काही करायला हवं होतं, असा त्या पत्राचा आशय होता. पत्रकार गॅरी पोमरँट्झ यांनी या दोघांवर २०१८ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'शेवटचा पास' अशा अर्थाचं आहे. सुमारे सात हजार असिस्ट नावावर असलेला माणूस म्हातारपणी न दिलेला एक पास मोजत बसला होता.

ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला लेक्सिंग्टन दिसलं नाही, आपल्या तालुक्याचं गाव दिसलं.

आपला संघ तिथे सामन्याला गेला होता. आपण जिंकलो. यजमानांच्या घरी जेवण होतं. पानं मांडली गेली आणि आपल्या एका मित्राला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलं गेलं. कारण कोणी बोललं नाही, सगळ्यांना कळलं. तो म्हणाला, मला भूक नाही, आणि एसटी स्टँडवर जाऊन बसला. आम्ही नऊजण जेवलो. गोड काय होतं तेही मला आठवतं. परतीच्या गाडीत कोणी त्याविषयी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यात वर त्याचं नाव होतं, १४ गुण. त्यातले निम्मे माझ्या पासवर झाले होते. मैदानावर तो मोकळा दिसला की मी चेंडू देत होतो. ओट्यावर तो एकटा दिसला, तेव्हा मी पानावरून उठलो नाही.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. ही गोष्ट सांगायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क माझ्याआधी त्याचा आहे. म्हणून हा मजकूर समितीकडे देण्यापूर्वी त्याला पाठवला, सोबत एक पत्र जोडलं. त्याचा फोन आला. बराच वेळ आम्ही मुलांबद्दल, गुडघेदुखीबद्दल बोललो. ठेवताना तो म्हणाला, "छाप. पण गुण १६ होते, १४ नाही."

दुरुस्ती मान्य. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा मी समितीकडून मागून घेतली आहे.